गच्ची, आठ गुंठे आणि अनुदानाची वाट

पत्राचा सारांश: पुण्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय एक्केचाळीस, खासगी कंपनीत हिशेबाचं काम. २०२१ मध्ये महापालिका हद्दीत आलेल्या एका गावात सासऱ्यांच्या नावावर आठ गुंठे जमीन आहे, आणि राहत्या इमारतीवर सुमारे नऊशे चौरस फुटांची गच्ची. धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम), थोडा भाजीपाला आणि पुढे सुकवलेल्या अळिंबीची पावडर असा त्यांचा बेत आहे. ‘गच्चीवरच्या शेतीला ७५ टक्के अनुदान’ असा व्हिडिओ त्यांनी पाहिला. एका सल्लागाराने सगळी फाइल करून देण्याचे पंचवीस हजार मागितले आहेत. यजमानांचं म्हणणं, अनुदान मंजूर झालं तरच यात हात घालायचा. त्या विचारतात: कोणत्या योजनेत अर्ज करू? आणि नोकरी कधी सोडू?

ताई,

आधी त्या व्हिडिओचं. तीनशे चौरस फूट गच्चीला ७५ टक्के अनुदान देणारी योजना खरी आहे, पण ती बिहार सरकारची. ‘छत पर बागवानी’ हे तिचं नाव, आणि पाटणा, गया, मुझफ्फरपूर, भागलपूर या शहरांतल्या रहिवाशांसाठी ती काढली. अशा व्हिडिओंत राज्याचं नाव ओझरतं येतं आणि टक्केवारी तेवढी लक्षात राहते. पुणे महापालिका गांडूळखत, पर्जन्यजल संचय, सौरऊर्जा यांतलं काही केलं असेल तर मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सूट देते. गच्चीवर खताचा प्रकल्प करणार असाल तर ती जरूर मागा. पण भाजी पिकवली म्हणून हाती पैसे येतील, हे गणित गच्चीपुरतं सोडून द्या.

गच्चीवर लावायचं तर लावाच, फक्त वजनाचा विचार करून. वापरातल्या गच्चीचा आराखडा साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलो भार धरून केलेला असतो. आठ इंच मातीचा वाफा पाणी पिऊन तेवढ्याच जागेत सव्वातीनशे-साडेतीनशे किलो भरतो. म्हणून माती कमी, पालापाचोळा, कोकोपीट आणि कंपोस्ट जास्त. आणि कुंड्या मधोमध न मांडता तुळईच्या रेषेवर. गच्ची सोसायटीची सामाईक असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव आधी घ्या.

आता आठ गुंठे. गाव शहरात गेलं म्हणजे शेतकऱ्यांच्या योजना संपल्या, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाही. गाव महापालिकेत गेल्याने सातबारा बंद होत नाही. जमीन बिनशेती होऊन किंवा नगर भूमापनात जाऊन तिची मिळकत पत्रिका उघडली, की तो बंद होतो. कृषी खात्याच्या लेखी शेती म्हणजे चालू सातबारा आणि त्यावरची पिकाची नोंद. तेव्हा पहिलं काम पंधरा रुपयांचं: डिजिटल सहीचा सातबारा काढा, जोडीला आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या जमिनींचा उतारा. भोगवटादार म्हणून कोणाकोणाची नावं आहेत ते पाहा. ‘इतर हक्क’ रकान्यात कोणाचा बोजा आहे का ते पाहा. आणि खालच्या गाव नमुना बारामध्ये गेल्या हंगामाचं पीक लागलंय की जमीन ‘पड’ दाखवली आहे, ते नीट बघा. पड असेल तर चालू हंगामात ई-पीक पाहणीच्या ॲपवर नोंद करून घ्या. त्यासाठी शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो, घरी बसून होत नाही. शहराजवळच्या बऱ्याच छोट्या तुकड्यांची अडचण नेमकी हीच असते: पीक दरवर्षी घेतात, नोंद मात्र वर्षानुवर्षं कोणी केलेली नसते.

शहरात आल्याने खरोखर हातची गेली ती जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या निधीतली मदत, कारण ती ग्रामीण भागापुरतीच असते. बाकी महाडीबीटी पोर्टलचं, म्हणजे राज्याच्या योजनांचे ऑनलाइन अर्ज जिथे होतात त्याचं, दार उघडं आहे.

मात्र त्या दारातून आत जाणार तुमचे सासरे, तुम्ही नाही. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे, आणि तो सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यालाच मिळतो. अर्ज त्यांच्या नावाने होईल, अनुदानही त्यांच्या आधार जोडलेल्या खात्यात येईल. राबणार तुम्ही, पैसे त्यांच्या खात्यात. हे अर्जाआधी घरात मोकळेपणाने बोलून घ्या. सासऱ्यांना आणखी मुलं असतील तर त्यांच्यासमोरच बोला. उद्या भाजीपाल्यासाठी शेडनेट, म्हणजे सावलीच्या जाळीचं शेड, उभं राहिल्यावर तो विषय निघाला तर फार कडू होतो. पत्नीचं नाव सहधारक म्हणून लावणारी ‘लक्ष्मी मुक्ती’ योजना आहे, पण ती पतीच्या नावावरच्या जमिनीला लागू होते. सासऱ्यांकडून थेट सुनेकडे नाव त्यातून येत नाही.

अर्जाचं शुल्क २३ रुपये ६० पैसे. ‘अर्ज एक, योजना अनेक’ या रचनेत बाब, म्हणजे कशासाठी अनुदान हवं ते, निवडायची. पूर्वी सोडत निघायची, २०२५ पासून प्रथम अर्ज करणाऱ्याला प्रथम प्राधान्य आहे. त्यामुळे आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला केलेला अर्ज आणि दिवाळीनंतर केलेला अर्ज यांत मोठा फरक पडतो. तालुक्याचा लक्ष्यांक (वर्षाचं ठरलेलं उद्दिष्ट) भरला की पुढचे अर्ज थांबून राहतात. निवडीचा संदेश आला की सातबारा, आठ-अ आणि दरपत्रक अपलोड करायचं. छाननी होते, मग पूर्वसंमतीचं पत्र येतं. त्यानंतरच काम सुरू करायचं. काम झालं की पक्कं जीएसटी बिल चढवायचं, मग सहायक कृषी अधिकारी, म्हणजे आपण अजूनही ज्यांना कृषी सहायक म्हणतो ते, जागेवर येऊन मोका तपासणी करतात. अनुदान त्यानंतर.

यातला ‘पूर्वसंमती’ हा शब्द ठळक लिहून ठेवा. सगळ्यात जास्त प्रकरणं इथेच बुडतात. ठेकेदार म्हणतो, पाइपचे भाव वाढतायत, आत्ता उचलून ठेवू, पत्र येईलच. मग बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची निघते आणि अर्ज बाद होतो. आगाऊ रक्कम दिल्याची साधी पावतीसुद्धा अंगाशी येऊ शकते. शिवाय पैसे चेकने किंवा बँकेतूनच द्या, रोखीने नको.

दुसरी अडचण नावाची. सातबाऱ्यावर ‘दत्तू’, आधारवर ‘दत्तात्रय’ आणि पासबुकात नुसतं आद्याक्षर अशी जुन्या पिढीची कागदपत्रं सर्रास असतात. पोर्टलवर ती जुळत नाहीत. नाव एकाच व्यक्तीचं असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे तलाठी) दुरुस्तीचा अर्ज द्या. हे काम निवड व्हायच्या आधी उरका, कारण निवडीनंतर कागद चढवायला मोजकेच दिवस मिळतात.

टक्केवारीबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण तुमच्या यजमानांचा सगळा भर तिच्यावर आहे. शेडनेटला ५० टक्के अनुदान म्हणतात, ते तुमच्या बिलाच्या नव्हे, सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडाच्या ५० टक्के असतं. आणि मापदंड व प्रत्यक्ष खर्च यांत जे कमी असेल ते धरतात. एक उदाहरण घेऊ, आकडे फक्त समजण्यासाठी. आठ गुंठे म्हणजे ८०९ चौरस मीटर. बांध, वाट, पाण्याची टाकी सोडून ५०० चौरस मीटरवर शेडनेट करायचं ठरवलं. मापदंड चौरस मीटरला ७०० रुपये, ठेकेदाराचा दर ९५०. खर्च झाला ४ लाख ७५ हजार. अनुदान ३ लाख ५० हजारांच्या निम्मं, म्हणजे १ लाख ७५ हजार. प्रत्यक्षात ते ३७ टक्क्यांच्या आत आलं. आणि ४ लाख ७५ हजार आधी घरातून किंवा कर्जातून घालावे लागले, वर अनुदान येईपर्यंतच्या महिन्यांचं व्याज. ठेकेदाराचे दर मागताना त्या वर्षीचा मापदंड आणि किमान क्षेत्राची अट तालुका कृषी कार्यालयातून लिहून घ्या. आठ गुंठ्यांचं गणित कधी कधी त्या किमान क्षेत्रापाशीच अडतं. ठिबकचं त्या मानाने सोपं आहे: दोन हेक्टरच्या आतल्या शेतकऱ्याला केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के आणि राज्याचे पूरक २५ मिळून ८० टक्क्यांपर्यंत मिळतात. तेही मापदंडाच्या.

आता तुमच्या मनातल्या मूळ बेताकडे, अळिंबीकडे येऊ. सल्लागाराने तुम्हाला प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना, म्हणजे पीएमएफएमई, सुचवली आहे. योजना चांगली आहे. पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख. स्वतःचा वाटा किमान १० टक्के, बाकी बँकेचं कर्ज. एका कुटुंबातून एकच व्यक्ती, पण कुटुंब म्हणजे स्वतः, जोडीदार आणि मुलं. त्यामुळे सासऱ्यांचा महाडीबीटीचा अर्ज तुमच्या आड येत नाही. सातबारा तुमच्या नावावर नसला तरी चालतं. पण ती प्रक्रियेची योजना आहे. ड्रायर, पल्व्हरायझर (पावडर करायचं यंत्र), पॅकिंगचं यंत्र तिच्यात बसतं. अळिंबी वाढवायची खोली आणि मांडण्या बसत नाहीत, कारण ते उत्पादन झालं. पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, यातही तसंच: पीक घेणं तिच्या वगळलेल्या उद्योगांत आहे, प्रक्रिया चालते, आणि शहर हद्दीत महिलांना २५ टक्के मिळतात. दोन्ही योजनांची मंजुरी २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतची होती, म्हणून अर्जाची तयारी करण्याआधी नवे अर्ज घेणं चालू आहे का, एवढं पीएमएफएमईसाठी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात आणि पीएमईजीपीसाठी जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या.

पीएमएफएमईचे ३५ टक्के तुमच्या हातात पडत नाहीत. समजा पात्र खर्च ४ लाख. तुमचे ४० हजार, कर्ज ३ लाख ६० हजार. अनुदानाचे १ लाख ४० हजार बँकेत वेगळ्या खात्यात तीन वर्षं राखून ठेवतात. युनिट चालू असेल आणि हप्ते नीट गेले असतील तर ते कर्जात वळते होतात. तेवढ्या रकमेवर बँकेने व्याज लावायचं नसतं, पण अनुदान बँकेत जमा होईपर्यंतचे काही महिने व्याज पूर्ण रकमेवर चालू राहतं. मंजुरीपत्र मिळाल्यावर हप्ता कोणत्या रकमेवर काढलाय, ते शाखेत विचारा. ११ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता २ लाख २० हजारांवर सुमारे ४,८०० येतो आणि पूर्ण ३ लाख ६० हजारांवर सुमारे ७,८००. तीन हजारांचा हा फरक छोट्या धंद्याला दर महिन्याला जाणवतो.

आता यंत्राच्या क्षमतेकडे बघा. सल्लागाराच्या अंदाजपत्रकात २५ किलोचा ट्रे ड्रायर आहे, असं तुम्ही लिहिलंय. महिन्यातले पंधरा दिवस तो भरून चालवायचा तर ३७५ किलो ताजी अळिंबी लागेल. एक किलो कोरड्या काडाच्या पिशवीतून साठ दिवसांत अर्धा ते पाऊण किलो धिंगरी निघते. सरासरी ६०० ग्रॅम धरली तर एका वेळी साडेबाराशे पिशव्या टांगलेल्या हव्यात. इतकं करून दहा किलो ताज्या अळिंबीची एक किलो सुकी होते, म्हणजे महिन्याला साडेसदतीस किलो. ती विकत घेणारं गिऱ्हाईक आज तुमच्याकडे आहे का? अनुदान मिळतंय म्हणून गरजेच्या पाचपट यंत्र घेतलं जातं आणि ते आच्छादन घालून पडून राहतं, तरी हप्ता सुटत नाही. छोटा सोलर ड्रायर पहिल्या वर्षाला पुरतो.

त्या पंचवीस हजारांचं काय करायचं? देऊ नका. पीएमएफएमईत प्रकल्प अहवाल करून देण्यापासून बँक, उद्यम नोंदणी, अन्नसुरक्षेची नोंदणी इथपर्यंत साथ द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात, आणि त्यांचं मानधन, प्रकरणामागे २० हजारांपर्यंत, शासन देतं. अर्जदाराने द्यायचं नसतं. उद्यम नोंदणीही विनामूल्य आहे. यादी जिल्हा कृषी कार्यालयात आणि योजनेच्या संकेतस्थळावर मिळते. ‘अनुदान हमखास मंजूर करून देतो’ असं कोणी म्हणत असेल तर त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवा. मंजुरी बँक देते आणि बँक तुमची परतफेडीची कुवत बघते.

आता यजमानांच्या अटीबद्दल. ते विरोधासाठी विरोध करतायत असं मानू नका. घरातली एक स्थिर कमाई जाणार असेल तर माणूस काहीतरी हमी मागणारच. पण त्यांनी हमी चुकीच्या ठिकाणी शोधली आहे. मंजुरीपत्र एवढंच सांगतं की कागद जुळले आणि बँक तयार आहे. तुमची अळिंबी आठवड्याला कोण घेणार, मे महिन्यात खोली थंड कशी राहणार, हे त्यात कुठेच नसतं. उलट अनुदान मिळालं की कर्ज पक्कं होतं, तीन वर्षं युनिट चालू ठेवणं बंधनकारक होतं आणि मागे फिरणं महाग पडतं. म्हणून अट अशी ठेवावी असं मी सुचवेन: अनुदान शून्य धरूनही महिन्याची विक्री हप्ता, वीज, बियाणं आणि तुमच्या वेळेचा माफक मोबदला भागवते का? तसं सलग सहा महिने झालं तर पुढचं पाऊल. हा हिशेब तुम्ही त्यांच्यापेक्षा चांगला मांडाल, कारण तो तुमचा रोजचा धंदा आहे.

त्यासाठी सुरुवात तीस पिशव्यांनी करा, अनुदानाशिवाय. तीस किलो गव्हाचं किंवा भाताचं काड, तीन ते पाच सेंटिमीटर कापलेलं. रात्रभर भिजवून ८० अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचं, मग निथळून थंड करायचं. मूठभर काड घट्ट पिळून बघा: तळहात ओला झाला पाहिजे, थेंब पडता कामा नये. थेंब पडला तर आठवड्यात हिरवी बुरशी दिसेल आणि ती पिशवी उचलून लांब टाकावी लागेल. ओल्या काडाच्या २ टक्के बियाणं, म्हणजे तीस पिशव्यांना साधारण दोन किलो, थरांमध्ये पसरायचं. पंधरा-अठरा दिवस अंधारात, पंचवीस अंशांच्या आसपास. पांढरी जाळी पूर्ण धरली की पिशवी कापून आर्द्रता ८० ते ९० टक्के ठेवायची. पहिली काढणी विसाव्या ते पंचविसाव्या दिवशी, पुढे दोन बहर. दोन महिन्यांत पंधरा ते साडेबावीस किलो. पुण्यात जून ते फेब्रुवारी हे सोपं जातं; मार्च ते मे ओल्या गोणपाटांवर आणि फॉगरवर खर्च होतो, आणि प्रकल्प अहवालात बारा महिने सारखंच उत्पादन दाखवलं असेल तर तो अहवाल खोटा समजा. छत्रीची कड वर वळायच्या आधीच काढा, कारण नंतर बीजाणू उडतात आणि त्यांनी खोकला धरतो. झोपायच्या खोलीला लागून हे करू नका, काढताना तोंडाला मास्क लावा.

प्रशिक्षण आणि बियाणं या दोन्हींसाठी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातला अळिंबी संशोधन प्रकल्प गाठा. तिथलं प्रमाणपत्र बँकेतही कामी येतं.

ज्यांच्याकडे ना सातबारा ना सासऱ्यांची जमीन, असेही बरेच वाचक आहेत. त्यांनी बचत गटाचा मार्ग धरावा. पीएमएफएमईत गटातल्या प्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक सदस्याला खेळतं भांडवल आणि छोट्या अवजारांसाठी ४० हजारांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद आहे. शहरात त्याची चौकशी महापालिकेच्या समाज विकास विभागात करायची. मुद्रा कर्जात अनुदान नाही, पण ५० हजारांपर्यंतचं शिशु कर्ज तारणाशिवाय मिळतं आणि पहिल्या हंगामाला तेवढं खूप झालं. जागा भाड्याची असेल तर भाडेकरार नोंदणीकृत करा, निदान कर्जाच्या मुदतीइतका. अकरा महिन्यांच्या करारावर मुदतकर्ज द्यायला बँक सहसा कचरते.

नोकरीचं: इतक्यात नको. तीस पिशव्यांना सकाळ-संध्याकाळ मिळून तासभर पुरतो. शंभर पिशव्यांपर्यंत एखादी मदतनीस घेऊन नोकरी सांभाळता येते. शिवाय तुमच्या पगाराची पावती आणि आयकर विवरण असताना कर्जाचा अर्ज जितका वजनदार असतो, तितका राजीनाम्यानंतर राहत नाही. कर्ज घ्यायचं ठरलंच तर ते नोकरीत असतानाच मंजूर करून घ्या, आणि सहा महिन्यांच्या विक्रीची वही व खात्यावरच्या जमा शाखेत सोबत न्या.

शेडनेटचा अर्ज मात्र सासऱ्यांच्या नावाने आत्ताच सुरू करायला हरकत नाही. निवड झाली आणि तोवर तुमचा विचार बदलला तर पूर्वसंमतीनंतरही काम न करण्याची मोकळीक असते, खर्च तेवीस रुपये साठ पैशांचा. येत्या रविवारी त्यांचं आधार कोणत्या मोबाइल नंबरला जोडलंय तेवढं पाहून घ्या. शेतकरी ओळख क्रमांकापासून पुढचा प्रत्येक ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि तो नंबर जुना, बंद पडलेला निघाला तर आधी आधारला चालू नंबर जोडून घ्यावा लागेल.